शेताखालची वायुवाहिनी आणि घरातील चूल

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळ, पूर्वी चिकोडी आणि आता निपाणी तालुक्यात मोडणारे बोरगाव हे दूधगंगेच्या खोऱ्यातील एक गाव होय. ऊस आणि तंबाखू ही या मुलखाची ओळख, आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषा येथे एकाच अंगणात नांदतात. गुऱ्हाळांच्या हंगामात अशा गावातून सकाळी कोणी फेरफटका मारला, तर निरनिराळ्या काळांतील अग्नी एकाच वेळी पेटलेले त्याला दिसतील. परड्यातील चुलीवर शेणी आणि काटक्यांच्या जाळावर अंघोळीचे पाणी तापत असते. आत स्वयंपाकघरात टाकीच्या गॅसवर चहा उकळत असतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाचे वाळलेले चिपाड धडधडत असते. आणि फार दूर नसलेल्या इचलकरंजीत सायझिंगच्या कारखान्यांचे बॉयलर वाफ करीत असतात.

अग्नींच्या या पंक्तीत आता आणखी एकाची भर पडली आहे. कोकणच्या किनाऱ्यावरून निघून बंगळूरपर्यंत जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी २०१३ पासून बेळगाव जिल्ह्याच्या मातीखालून वाहत आहे. शहरांतून घरोघरी नळाने गॅस देण्याचे काम सुरू झाले आहे. ‘आता टाकीची वाट पाहावयास नको, धूर नको, नळ फिरवला की ज्योत,’ असे आश्वासन या नव्या इंधनाबरोबर येते. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. वायूची वाहिनी एकदा पुरली म्हणजे ती तीस-चाळीस वर्षे जमिनीत राहते, आणि तिच्याबरोबर भाव, करार व बंधने हीही तितकीच वर्षे राहतात. म्हणून ज्योत किती स्वच्छ आहे एवढेच न पाहता, ती कोणत्या अटींवर पेटणार आहे, हेही पाहावयास हवे.

प्रथम हा वायू म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते, की टाकीतला गॅस आणि नळाने येणारा गॅस एकच. वस्तुतः ती दोन भिन्न इंधने आहेत. टाकीत असतो तो मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचा मेळ. थोडा दाब दिला की तो द्रव होतो, म्हणून तो टाकीत भरून बैलगाडीतूनही खेड्यात नेता येतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हा मुख्यतः मिथेन होय. तो हवेपेक्षा हलका असतो. गळला तर वर जातो, आणि म्हणूनच नळाचा गॅस असलेल्या स्वयंपाकघरात वरच्या बाजूला झरोका असणे अगत्याचे असते. मिथेनला स्वतःचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात.

मिथेन हा काही परका पाहुणा नव्हे. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजून जो जळणारा वायू तयार होतो, तोही मिथेनच. मुंबईत माटुंग्याच्या महारोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढून वापरण्यात आला होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपाचे गोबरगॅस संयंत्र तयार केले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव पोहोचविले. गोठ्यामागच्या टाकीत जे काम काही आठवड्यांत होते, तेच काम भूगर्भात कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने आणि दाबाने घडून आले, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

मिथेनची खरी अडचण आहे ती वाहतुकीची. साध्या दाबाने तो द्रव होत नाही. त्याला उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. तसे केले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने कमी होते आणि तो खास बांधलेल्या जहाजांतून समुद्रापार नेता येतो. बंदरात उतरल्यावर त्यास पुन्हा उष्णता देऊन वायुरूप करावयाचे आणि वाहिनीत सोडावयाचे. म्हणजे वायू विहिरीतून चुलीपर्यंत यावयाचा तर थंड करणारा कारखाना, जहाज, बंदर, साठवणटाक्या, मुख्य वाहिनी आणि गावातील नळ अशी अखंड साखळी लागते. कोळशाची एक वाघीण कमी आली तर दुसरीकडून मागविता येते. या साखळीतील मात्र एक कडी तुटली, तर बाकीच्या कड्यांत घातलेला पैसा निरुपयोगी होतो. पुढे जे काही सांगावयाचे आहे, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

महाराष्ट्राला वायूची ओळख तशी जुनीच. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर कोळशापासून केलेल्या गॅसचे दिवे लागले होते. जमिनीखालच्या नैसर्गिक वायूचे युग मात्र मुंबईच्या समुद्रात १९७४ साली ‘बॉम्बे हाय’चा शोध लागल्यावर उजाडले. तेलाबरोबर निघणारा वायू उरणला आणला जाऊ लागला. वायूच्या वाहतुकीसाठी १९८४ साली ‘गेल’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिने गुजरातेतील हजिऱ्यापासून उत्तर प्रदेशातील जगदीशपुरापर्यंत पहिली मोठी वाहिनी टाकली. मुंबईतील घरांसाठी १९९५ साली महानगर गॅस कंपनी निघाली. देशातील वायू पुरेना, तेव्हा २००४ साली गुजरातेत दहेज येथे परदेशी द्रववायू उतरू लागला. आज भारत आपल्या गरजेचा जवळजवळ निम्मा वायू बाहेरून विकत घेतो.

सीमाभागाखालून जाणारी वाहिनी जेथून निघते, ते दाभोळ हे नाव मराठी वाचकास चांगलेच परिचित आहे. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीच्या एका तीरावर, आणि त्याच्या नावाने गाजलेला वीजप्रकल्प पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीने १९९२ साली तो उभारण्याचा प्रस्ताव आणला. १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ साली नव्या राज्य सरकारने तो रद्द केला आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटींनंतर तो पुन्हा जिवंत झाला. १९९९ च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्यातील ७४० मेगावॉट वीज सुरू झाली. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनचेच दिवाळे निघाले.

या प्रकरणाच्या राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. त्यातील इंधनाचा धडा तेवढा येथे प्रस्तुत आहे. पहिला टप्पा नाफ्त्यावर चालावयाचा होता आणि दुसरा परदेशी द्रववायूवर. विजेचा दर डॉलरशी व इंधनाच्या आंतरराष्ट्रीय भावाशी बांधलेला होता. शिवाय वीज घेतली वा न घेतली, तरी प्रकल्पाच्या क्षमतेपोटी ठरलेली रक्कम राज्य वीज मंडळाने द्यावयाची होती. नाफ्ता महागला, रुपया घसरला, आणि मंडळाला ही वीज न परवडणारी झाली. यंत्रे उत्तम होती, अभियंते कुशल होते. फसला तो हिशेब. पुढे २००५ साली सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी स्थापन केली व केंद्र पुन्हा चालविले. त्यास आंध्रच्या किनाऱ्याजवळील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू मिळू लागला. पण तेथील उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर घटले आणि २०१३ साली केंद्र पुन्हा थंडावले. २०१५ मध्ये रेल्वेला वीज पुरविण्याच्या करारावर त्यातील काही यंत्रे फिरू लागली. देशात वायूवर चालणारी मोठ्या क्षमतेची वीजकेंद्रे उभी आहेत आणि त्यांतील बरीचशी स्वस्त वायूअभावी वर्षातील बहुतेक काळ स्वस्थ असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे दाभोळ हा काही एकट्याचा अपवाद नव्हता, हे पटेल.

दाभोळचे द्रववायूचे बंदर मात्र अखेर २०१३ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याची क्षमता वर्षाला ५० लाख टनांची. परंतु लाटा अडविणारा बांध अपुरा राहिल्यामुळे कित्येक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लागू शकत नसे. त्याच सुमारास ‘गेल’ची दाभोळ ते बंगळूर ही सुमारे हजार किलोमीटर लांबीची वाहिनी वाहू लागली. सह्याद्री ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यातून ती बेळगाव जिल्ह्यात येते. गोकाकपाशी तिला गोव्याकडे जाणारा फाटा फुटतो, आणि मूळ वाहिनी धारवाडवरून पुढे दक्षिणेकडे जाते. दिवसाला एक कोटी साठ लाख घनमीटर वायू वाहून नेण्याची तिची क्षमता. प्रत्यक्षात आरंभीची कित्येक वर्षे तीतून याहून फारच कमी वायू वाहिला. कारण वाटेवर तो घेणारी गिऱ्हाइके तयार नव्हती. गोव्यातील झुआरीनगरच्या खत कारखान्याने नाफ्ता सोडून वायू स्वीकारला, तसे मोठे ग्राहक थोडेच मिळाले.

वाहिनी शेताखालून गेली म्हणजे वरच्या घरात शेगडी पेटली, असे मात्र होत नाही. मुख्य वाहिनीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पटींनी अधिक असतो. तीतून थेट घरात नळ जोडणे म्हणजे धरणाच्या दारातून तांब्या भरावयास जाण्यासारखे आहे. शहराच्या वेशीपाशी एक केंद्र उभारून तेथे दाब उतरवितात, वायू मोजतात आणि त्यास वास देतात. तेथून पोलादी नळ, त्यापुढे पिवळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, आणि घरापाशी आणखी एक नियंत्रक अशा पायऱ्या उतरत शेगडीपाशी हा दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका राहतो. ही सारी उतरंड बांधण्यास पैसा लागतो. दाट वस्तीच्या शहरात एका गल्लीत शंभर घरे मिळतात; खेड्यात तितक्याच नळाला वीस मिळतात. म्हणून वायू शहरात आधी व खेड्यात फार उशिरा पोहोचतो. यात कोणाचा दुष्टावा नाही, पण हिशेब असा आहे हे खेड्याने ओळखून असावे.

सीमाभागात या हिशेबाला आणखी एक गाठ पडते. घरगुती वायूचे परवाने देणारे केंद्रीय नियामक मंडळ बहुधा जिल्हा हा घटक धरून क्षेत्रे आखते. बेळगाव जिल्ह्याचे काम मेघा इंजिनिअरिंग या कंपनीकडे आहे, तर कोल्हापूर जिल्ह्याचे हिंदुस्थान पेट्रोलियम व ऑईल इंडिया यांच्या संयुक्त कंपनीकडे. बोरगावच्या माणसाचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक कोल्हापूर-इचलकरंजीकडे. बेळगाव त्यास कितीतरी लांब. तरी वायूचा नळ त्याच्याकडे यावयाचा तो बेळगावच्या क्षेत्रातून. शिवाय नैसर्गिक वायू देशव्यापी वस्तू व सेवा करात समाविष्ट झालेला नाही. प्रत्येक राज्य आपापला कर लावते. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून तो साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. एकाच वाहिनीतील वायू सीमेच्या अलीकडे एका भावाने व पलीकडे दुसऱ्या भावाने विकला जाऊ शकतो. वायूला भाषा नाही आणि सीमाही नाही. बिलाला मात्र आहे.

आता ज्याच्या शेतातून वाहिनी जाते, त्याचा विचार करू. अशा वाहिनीसाठी जमीन विकत घेत नाहीत. १९६२ साली संसदेने पेट्रोलियमच्या वाहिन्यांसाठी एक कायदा केला. त्यान्वये सरकार जमिनीच्या केवळ ‘वापराचा हक्क’ घेते. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. नळ पुरून माती पूर्ववत केली की तो पुन्हा पेरणी करू शकतो. परंतु त्या पट्ट्यात त्याला घर वा इतर बांधकाम करता येत नाही, विहीर वा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पट्टा साधारणतः वीस ते तीस मीटर रुंद असतो. मोबदला म्हणून पीक व झाडे यांची भरपाई आणि जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम एकदाच मिळते. दोन-तीन एकरांच्या धन्याला हे बंधन किती जाचक होते, हे ऊसपट्ट्यात सांगावयास नको. जेथे विहीर पाडावयाची तेथेच पट्टा आला, तर त्या जमिनीचे मोल दहा टक्क्यांनी नव्हे, कितीतरी अधिक उतरते.

याच कर्नाटक राज्यात दुसरे एक उदाहरण पाहावयास मिळते. तुमकूर जिल्ह्यातील पावगड या दुष्काळी तालुक्यात २,०५० मेगावॉटचे सौरऊर्जा उद्यान आहे. त्यासाठी सुमारे १३,००० एकर जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये, आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. तेथेही सगळे गोड झाले असे नव्हे. ज्यांना जमीनच नव्हती, त्या मजुरांना खंड मिळाला नाही आणि शेतीवरचे कामही गेले. तथापि ऊर्जेच्या कामासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला एकदाच हातावर ठेवण्याऐवजी दरवर्षी देता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. वायुवाहिनीच्या कायद्यात असा विचार का होऊ नये, हा प्रश्न सीमाभागातील शेतकऱ्याने अवश्य विचारावा.

जमिनीबरोबर जिवाचाही प्रश्न आहे. २७ जून २०१४ रोजी आंध्रातील पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम गावी ‘गेल’च्या वाहिनीतून गळलेला वायू पहाटे पेटला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाणी मिसळलेला वायू वाहून नेल्यामुळे नळी आतून गंजली होती, असे चौकशीत आढळले. याचा अर्थ वायुवाहिनी म्हणजे मृत्यूचा सापळा असा नव्हे; नीट राखलेली वाहिनी रस्त्यावरील टँकरपेक्षा सुरक्षित असते. पण ‘नीट राखलेली’ या दोन शब्दांतच सारे आले. तपासणी केव्हा झाली, गळती दिसल्यास कोणाला कळवावयाचे, हे पट्ट्यातील प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग हवा कशाला हा वायू? जुनी चूल काय वाईट? या प्रश्नाचे उत्तर चुलीपुढे बसणारी बाई देईल. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फुंकणीने जाळ फुलविणारीचे डोळे आणि तिच्या कडेवरील मुलाची फुप्फुसे यांची किंमत इंधनाच्या कोणत्याही वहीत मांडलेली नसते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक घरांत टाकी पोहोचविली, हे काम मोठेच. परंतु या घरांत वर्षाला सरासरी चारच्या आसपासच टाक्या भरून घेतल्या जातात. म्हणजे शेगडी आली, तरी पैशाच्या ओढीमुळे चूल विझलेली नाही. टाकीच्या गॅसपैकी सुमारे साठ टक्के माल परदेशातूनच येतो. नळाचा वायू आला तरी हा परावलंबनाचा प्रश्न सुटत नाही, त्याचे केवळ रूप बदलते.

वायूच्या बाजूने दुसरा मुद्दा कोळशाचा. तितकीच वीज निर्माण करताना वायू कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि राख व गंधकाचा धूर तर जवळजवळ नाहीच. म्हणून वायू हा कोळशाकडून सूर्य व वारा यांच्याकडे नेणारा पूल आहे, असे म्हटले जाते. भारत सरकारनेही देशाच्या एकूण ऊर्जेतील वायूचा वाटा सुमारे सहा टक्क्यांवरून २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. परंतु या पुलाला एक भगदाड आहे. न जळता हवेत निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवून धरतो. विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या साखळीत शेकड्याला थोडे जरी गळले, तरी कोळशावरचा लाभ आटू लागतो.

पुलाचा खरा कस लागला तो २०२२ साली. आशियातील द्रववायूचा भाव २०२० च्या वसंतात एका एककास दोन डॉलरांखाली गेला होता. युक्रेनच्या युद्धानंतर, २०२२ च्या ऑगस्टात, तोच सत्तर डॉलरांच्या घरात पोहोचला. रशियन वायू तुटलेल्या युरोपने मिळेल त्या भावाने जहाजे उचलली. त्या जुलैत पाकिस्तानने दहा जहाजांसाठी निविदा काढली, तर एकही विक्रेता पुढे आला नाही. बांगलादेशाने बाजारातील खरेदी थांबविली आणि पाळीपाळीने अंधार स्वीकारला. एका रशियन कंपनीच्या, जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या शाखेकडून ‘गेल’ला दीर्घ मुदतीच्या करारातील कित्येक जहाजे मिळालीच नाहीत. गुजरातेतील मोरबीच्या फरशी-कारखान्यांची कथा अधिक बोलकी आहे. प्रदूषणामुळे हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली कोळशाच्या भट्ट्या बंद करविल्या, तेव्हा ते नैसर्गिक वायूकडे वळले. तीन वर्षांनी वायू इतका महागला, की अनेकांनी उत्पादन थांबविले आणि कित्येकांनी प्रोपेनचा आश्रय घेतला. इचलकरंजीचे बॉयलर आणि कोल्हापूरच्या ओतशाळा वायूकडे वळविण्याचा विचार करणाऱ्यांनी मोरबीला एकदा जाऊन यावे.

हा पेच सर्वच विकसनशील देशांचा आहे. नायजेरियाने १९९९ पासून बॉनी बेटावरून द्रववायू परदेशी धाडला, पण त्या देशातील कोट्यवधी घरांत आजही लाकूडच जळते. मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यावर वायूचे मोठे साठे सापडले. २०२१ च्या मार्चमध्ये पाल्मा गावावर सशस्त्र हल्ला झाला आणि तेथील मोठा प्रकल्प थांबला. त्याच वर्षी ग्लासगो येथील परिषदेत तीसहून अधिक देशांनी परदेशांतील कोळसा, तेल व वायू यांच्या प्रकल्पांना सरकारी पैसा न देण्याचे वचन दिले. वर्ष उलटण्यापूर्वीच, २०२२ च्या मे महिन्यात, जर्मनीचे चॅन्सेलर सेनेगलला जाऊन तेथील वायूविषयी बोलणी करीत होते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचे तत्त्व गरजेपुढे वाकते, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या वाट्याला अंधार येतो. म्हणून श्रीमंतांच्या उपदेशावर आपले धोरण बेतू नये, हे खरे. पण त्यांच्या बाजारावर आपली चूल बेतणेही तितकेच धोक्याचे.

मग मार्ग कोणता? वायूच नको म्हणणे हा मार्ग नव्हे. शहरातील दाट वस्त्या, खताचे कारखाने, भट्ट्यांचे उद्योग यांना आज त्याचा उपयोग आहे. पूल बांधावा, मात्र तो किती लांबीचा, हे आधी ठरवावे. कतारकडून वर्षाला ७५ लाख टन द्रववायू घेण्याचा करार २०२४ च्या फेब्रुवारीत पुढे वाढविण्यात आला. तो २०२८ पासून वीस वर्षांचा, म्हणजे २०४८ पर्यंतचा आहे. भारताने कार्बनचा जमाखर्च बरोबरीत आणण्याचे वचन दिले आहे २०७० सालासाठी. आज पुरलेला नळ या दोन तारखांच्या मधोमध म्हातारा होईल. तोपर्यंत त्याचे मोल फिटले नाही, तर उरलेली रक्कम शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच यावयाची.

शिवाय ऊसपट्ट्यापाशी स्वतःचेही काही आहे. या परिसरातील अनेक साखर कारखाने चिपाडावर वीज निर्माण करतात. प्रेसमड, शेण आणि शेतातील टाकाऊ काडीकचरा कुजवून, तो वायू शुद्ध करून दाबाने भरला, तर तो नैसर्गिक वायूच्या बरोबरीचा होतो. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने अशा वायूच्या खरेदीची योजना सुरू केली, आणि शहरी वायुकंपन्यांनी २०२५-२६ पासून तो एक टक्का मिसळावा व २०२८-२९ पर्यंत हे प्रमाण पाच टक्क्यांवर न्यावे, असे बंधन घातले. म्हणजे जी वाहिनी आज कतारचा वायू बेळगावकडे आणते, तीच उद्या निपाणीच्या शिवारातील वायू बंगळूरला नेऊ शकेल. गाव केवळ गिऱ्हाईक न राहता विक्रेताही होऊ शकेल. तथापि हे आपोआप घडणार नाही. असा वायू वाहिनीत घेण्याची जागा गावाजवळ असावी लागते, आणि तशी मागणी वाहिनी पुरतानाच करावी लागते.

म्हणून वायूचा नळ गावाच्या वेशीपाशी येईल, तेव्हा ग्रामसभेने वा पंचायतीने चार प्रश्न विचारावेत. आमच्या शिवारातून नळ नेणार, तर आमच्या गावाला जोड केव्हा देणार? पट्ट्यातील बंधनाचा मोबदला एकदाच, की वर्षासाल? परदेशात भाव चढला, तर तो भार कोण सोसणार, आणि त्या काळात गरिबाच्या घरी काय पेटणार? आमच्या शेणाचा व काडीकचऱ्याचा वायू या नळात घेणार काय? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर वायूचे स्वागत करण्यास कोणाचीच हरकत असू नये. मिळाली नाहीत, तर अंजनवेलच्या यंत्रांप्रमाणे उत्तम वस्तूही महाग पडते. परड्यातील चूल एक दिवस विझावी, हे तर सर्वांनाच हवे आहे. ती बिलाच्या धाकाने पुन्हा पेटवावी लागू नये, एवढी खबरदारी मात्र नळ पुरण्याआधीच घेतली पाहिजे.